अज्ञात वाहनाची धडक आणि नुकसानभरपाईचा हक्क : कायदा, विमा व प्रत्यक्ष व्यवहार

प्रस्तावना

'अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार' हा मथळा मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर इतक्या वेळा येतो की वाचकाची नजर आता त्यावर थांबत नाही. बातमीत मृताचे नाव, गाव, वय आणि रस्त्याचा उल्लेख असतो आणि 'पुढील तपास पोलीस करीत आहेत' या वाक्याने ती संपते. त्या तपासाचे पुढे काय झाले, हे सहसा छापून येत नाही. वाहन सापडले नाही म्हणजे भरपाई मागायची कोणाकडे, हा प्रश्न मृताच्या घरी काही दिवस विचारला जातो. 'गाडीचा नंबरच नाही, तर केस कोणावर करणार?' असे कोणीतरी जाणते माणूस सांगते आणि विषय तेथेच मिटतो.

वस्तुतः हे उत्तर चुकीचे आहे. धडक देऊन पसार झालेल्या वाहनाचा शोध लागला नाही तरी मृताच्या वारसांना आणि गंभीर जखमी व्यक्तीला ठरावीक रक्कम मिळावी, अशी तरतूद भारतीय कायद्यात चार दशकांहून अधिक काळ आहे. त्यासाठी वकील लावावा लागत नाही, न्यायालयात जावे लागत नाही आणि चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. तरीही या तरतुदीचा लाभ घेणाऱ्यांची संख्या नगण्य राहिली आहे. ही तरतूद काय आहे, तिची रक्कम इतर अपघातग्रस्तांच्या तुलनेत किती तोकडी आहे आणि तेवढीही रक्कम कुटुंबापर्यंत का पोहोचत नाही, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्याची वाटचाल

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाच्या विम्याची संकल्पना भारतात आणली आणि १ जुलै १९४६ पासून असा विमा सक्तीचा झाला. रस्त्यावरील तिऱ्हाइताला इजा झाल्यास वाहनमालकाची भरपाईची जबाबदारी विमा कंपनीने उचलावी, हे त्यामागील तत्त्व होय. मात्र या रचनेत एक गृहीतक दडलेले होते. विमा वाहनाचा असतो. म्हणून वाहन कोणते हे कळले, तरच विमा कंपनी कोणती हे कळते. वाहन पसार झाले की साखळीची पहिलीच कडी तुटते. विम्याचा हप्ता भरलेला असतो, कंपनीही अस्तित्वात असते. परंतु त्या हप्त्याशी जखमी माणसाचा दुवा जोडणारा क्रमांक हाती नसतो.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला प्रयत्न १९८२ च्या दुरुस्तीने झाला. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून 'सोलेशियम फंड' अस्तित्वात आला आणि अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास ५,००० रुपये व गंभीर दुखापत झाल्यास १,००० रुपये देण्याचे ठरले. 'सोलेशियम' या शब्दाचा अर्थ सांत्वनादाखल दिलेली रक्कम असा होतो. शब्दाची ही निवड सूचक आहे. राज्यसंस्थेने येथे भरपाईची भाषा केली नव्हती, दिलाशाची केली होती.

१९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १६१ मध्ये ही तरतूद कायम ठेवण्यात आली आणि त्याच दिवसापासून १९८९ ची सोलेशियम योजनाही लागू झाली. वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटू शकत नाही, अशा वाहनामुळे घडलेला अपघात म्हणजे 'हिट अँड रन', अशी व्याख्या कायद्यात आहे. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. बोलीव्यवहारात चालक पळून गेला की आपण 'हिट अँड रन' म्हणतो, मग त्याची गाडी नंतर सापडलेली का असेना. कलम १६१ साठी मात्र चालकाचे पळून जाणे पुरेसे नाही. वाहन अज्ञात राहिले पाहिजे. पसार झालेली गाडी चार दिवसांनी सापडली, तर प्रकरण पुन्हा नेहमीच्या मार्गाने, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते.

रकमेचा इतिहास थोडक्यात असा : १९८८ च्या कायद्यात मृत्यूसाठी ८,५०० व गंभीर दुखापतीसाठी २,००० रुपये होते. १४ नोव्हेंबर १९९४ पासून ते अनुक्रमे २५,००० आणि १२,५०० झाले. त्यानंतर सत्तावीस वर्षे त्यांत एका रुपयाचीही वाढ झाली नाही. या काळात शिक्षकांच्या वेतनश्रेणी किती वेळा बदलल्या, हे महाविद्यालयीन वाचकांना सांगावयास नको. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने ही रक्कम मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये केली. तथापि ती प्रत्यक्षात लागू झाली १ एप्रिल २०२२ पासून. त्याच दिवशी १९८९ च्या योजनेची जागा 'हिट अँड रन मोटार अपघातग्रस्तांना नुकसानभरपाई योजना, २०२२' या योजनेने घेतली. 'सोलेशियम' जाऊन 'नुकसानभरपाई' हा शब्द आला. शब्द मोठा झाला. रक्कम त्या शब्दाला साजेशी झाली का, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

क्रमांकाची किंमत

एक उदाहरण घेऊ. तीस वर्षे वयाचा, भाजीचा किरकोळ व्यापार करणारा, महिन्याला १५,००० रुपये मिळवणारा एक तरुण ट्रकच्या धडकेत मृत्यू पावतो. मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई आहे. चूक ट्रकचालकाची आहे, ट्रकचा क्रमांक मिळाला आहे आणि त्याचा विमा चालू आहे. या कुटुंबाला किती भरपाई मिळेल, याचे गणित सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांत बऱ्याच अंशी निश्चित करून दिले आहे.

वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. मृत व्यक्ती स्वयंरोजगार करणारी आणि चाळिशीच्या आतली असल्याने भावी उत्पन्नवाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे; म्हणजे २,५२,००० रुपये. अवलंबून असणारे चौघे असल्यामुळे मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचा. उरतात १,८९,००० रुपये. २६ ते ३० वयोगटासाठी गुणक १७ आहे. गुणाकार ३२,१३,००० रुपये येतो. यात अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी इत्यादी ठरावीक शीर्षांखालील रकमा आणि व्याज वेगळे मिळवावे लागतात.

आता याच तरुणाचा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी मृत्यू झाला. मात्र ट्रकचा क्रमांक कोणी टिपला नाही. भरपाई २ लाख रुपये, म्हणजे पहिल्या रकमेच्या सुमारे सोळावा हिस्सा. मृताचे वय, उत्पन्न, कुटुंब, चालकाचा निष्काळजीपणा यांपैकी काहीही बदललेले नाही. बदलली आहे ती केवळ एका पाटीवरील अक्षरे कोणाला तरी दिसण्याची शक्यता. आणि ती शक्यता कमी करणारा पळपुटा चालक हा पीडित कुटुंबाच्या नियंत्रणाबाहेरचा आहे.

गंभीर दुखापतीच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. 'गंभीर दुखापत' म्हणजे काय, हे कलम १६१ साठी फौजदारी कायद्यातील व्याख्येवरून ठरते. हाड मोडणे वा निखळणे, दृष्टी किंवा श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव गमावणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे इत्यादी प्रकार त्यात येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार, ज्या दुखापतीमुळे पंधरा दिवस तीव्र वेदना होतात किंवा नित्याची कामे करता येत नाहीत, तीही गंभीर ठरते. याचा एक अर्थ दिलासादायक आहे : साधे हाड मोडलेल्या पादचाऱ्यालाही या योजनेखाली अर्ज करता येतो, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसरा अर्थ विषण्ण करणारा आहे. करंगळीचे हाड मोडलेल्यालाही ५० हजार आणि दोन्ही पाय गमावून आयुष्यभर अंथरुणाला खिळलेल्यालाही ५० हजारच. कायद्याने ही रक्कम किंवा केंद्र शासन ठरवील अशी याहून अधिक रक्कम, अशी शब्दयोजना केलेली आहे. म्हणजे वाढीसाठी कायदादुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, याकडे एक दृष्टिक्षेप टाकणे उचित ठरेल. ब्रिटनमध्ये १९४६ साली विमा कंपन्यांनी मिळून 'मोटर इन्शुरर्स ब्युरो' ही संस्था स्थापन केली आणि १९६९ पासून अज्ञात चालकामुळे जखमी झालेल्यांसाठी शासनाबरोबर स्वतंत्र करार केला. तेथे पीडिताला ठोक रक्कम मिळत नाही. वाहन सापडले असते तर न्यायालयाने शारीरिक हानीपोटी जी भरपाई ठरवली असती, तिच्या आधारे रक्कम ठरते. तिचा भार सर्व विमा कंपन्या, आणि पर्यायाने हप्ता भरणारे सर्व वाहनधारक, वाटून घेतात. भारतातील निधीमागेही तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की येथे तत्त्व स्वीकारले गेले आणि मोजमाप मात्र ठोक रकमेवर थांबले.

अर्ज कोठे व कसा करावयाचा

२०२२ च्या योजनेची कार्यपद्धती कागदावर सुटसुटीत आहे. अपघात ज्या महसुली क्षेत्रात घडला, तेथील उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार हा 'दावा चौकशी अधिकारी' असतो. त्याच्याकडे विहित नमुना १ मध्ये अर्ज करावयाचा. सोबत प्रथम खबर अहवालाची प्रत, मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल व मृत्यूचा दाखला, जखमी असल्यास इजा अहवाल व रुग्णालयाची कागदपत्रे, ओळख व पत्त्याचा पुरावा, बँक पासबुकाची प्रत आणि विहित हमीपत्र जोडावे लागते. चौकशी अधिकाऱ्याने एका महिन्यात आपला अहवाल 'दावा निवारण आयुक्ता'कडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवावा, त्याने पंधरा दिवसांत मंजुरी द्यावी आणि मंजुरीचा आदेश पोहोचल्यावर जनरल इन्शुरन्स कौन्सिलने पंधरा दिवसांत रक्कम थेट खात्यावर जमा करावी, अशी मुदत घालून दिलेली आहे. सर्व काही वेळेवर झाले तर दोन महिन्यांत पैसे मिळायला हवेत. न्यायाधिकरणातील दाव्यांना लागणारी वर्षे पाहता ही मुदत विलक्षणच म्हणावी लागेल.

'अपघात जेथे घडला तेथे' ही अट किरकोळ वाटते. ती तशी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर कोल्हापूरच्या रस्त्यावर रात्री बैलगाडीसह धडकेत सापडला, तर त्याच्या विधवेने अर्ज बीडमध्ये नव्हे, कोल्हापूरकडील संबंधित तहसील कार्यालयात करावयाचा असतो. हंगाम संपून टोळी गावी परतलेली असते. चौकशीसाठी एक हेलपाटा म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. स्थलांतरित मजूर रात्री-पहाटे रस्त्यावर असतो, त्याच्यासोबत साक्षीदार कमी असतात. म्हणजे ज्याला या योजनेची गरज सर्वाधिक, त्याच्यापासूनच तिचे कार्यालय सर्वांत दूर पडते.

हमीपत्राविषयीही गैरसमज आढळतो. कलम १६३ नुसार, या योजनेखाली रक्कम मिळाल्यानंतर वाहन सापडले आणि न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, तर आधी मिळालेल्या रकमेइतका भाग परत करावा लागतो. हमीपत्र त्यासाठी असते. त्याचा अर्थ 'ही रक्कम घेतली की पुढचा हक्क गेला' असा होत नाही. दोन लाख स्वीकारल्याने बत्तीस लाखांचा दरवाजा बंद होत नाही. फक्त दोन्ही रकमा एकत्र पदरात पाडता येत नाहीत.

आकडे काय सांगतात

सर्वोच्च न्यायालयाने एस. राजशेखरन विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेत १२ जानेवारी २०२४ रोजी दिलेल्या आदेशात या योजनेच्या अंमलबजावणीची आकडेवारी नोंदवली आहे. देशात हिट अँड रन अपघातांची संख्या २०१६ मध्ये ५५,९४२ होती, ती २०१८ मध्ये ६९,८२२ झाली आणि २०२२ मध्ये ६७,३८७ राहिली. त्यापुढचा आकडा अविश्वसनीय वाटावा असा आहे. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईसाठी आलेले दावे होते २०५ आणि त्यांपैकी निकाली निघाले ९५.

हे प्रमाण हजारी तीनच्या आसपास पडते. येथे न्याय्य तुलनेसाठी दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. पोलिसांच्या नोंदीत 'हिट अँड रन' म्हणून लागलेल्या प्रत्येक अपघातातील वाहन कायमचे अज्ञात राहत नाही. काही वाहने तपासात सापडतात. शिवाय काही अपघातांत किरकोळ इजाच होते. परंतु या दोन्ही कारणांची भरपूर वजावट केली तरी दरी बुजत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये या प्रकारच्या अपघातांत ३०,४८६ माणसे मरण पावली. या सर्वांच्या वारसांनी प्रत्येकी २ लाख मागितले असते तर सुमारे ६१० कोटी रुपये लागले असते. निकाली निघालेले ९५ दावे सर्वच्या सर्व मृत्यूचे होते असे मानले, तरी रक्कम १ कोटी ९० लाखांच्या वर जात नाही. अर्धीअधिक वाहने सापडली असे गृहीत धरले, तरीही निधीची तिजोरी उघडण्यासाठी फारसे कोणी आलेच नाही, हेच दिसते.

न्यायालयाने यामागील कारण नेमके ओळखले : लोकांना योजना ठाऊक नाही आणि ज्यांनी सांगायचे ते सांगत नाहीत. अपघातानंतर कुटुंबाचा पहिला आणि बहुधा एकमेव संबंध पोलीस ठाण्याशी येतो. दावा मात्र महसूल खात्याकडे करायचा असतो. पोलिसांच्या दृष्टीने वाहन सापडले नाही की प्रकरण 'अ-समरी'कडे, म्हणजे 'गुन्हा खरा, पण आरोपी मिळून येत नाही' या वर्गवारीकडे सरकते. फौजदारी प्रक्रियेच्या भाषेत हा शेवट असतो. नुकसानभरपाईच्या योजनेत मात्र नेमकी येथूनच सुरुवात होते. एका खात्याचा शेवट आणि दुसऱ्या खात्याचा आरंभ यांच्यामधली जागा कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हती. तहसील कार्यालयाला अपघाताची खबर नसते आणि पोलीस ठाण्याला तहसीलच्या योजनेशी देणेघेणे नसते.

न्यायालयाचे निर्देश याच जागेवर बोट ठेवतात. गुन्हा नोंदल्यापासून एका महिन्यात वाजवी प्रयत्न करूनही वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर ठाणे अंमलदाराने जखमी व्यक्तीस किंवा मृताच्या कायदेशीर वारसांस या योजनेखाली भरपाई मागता येते असे लेखी कळवावे आणि संबंधित दावा चौकशी अधिकाऱ्याचा पत्ता व ई-मेल द्यावा. अपघाताचा प्राथमिक अहवाल पोलिसांनी महिन्याभरात त्या अधिकाऱ्याकडेही पाठवावा. तसेच प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, दावा चौकशी अधिकारी आणि उपअधीक्षक दर्जाहून कमी नसलेला पोलीस अधिकारी यांची देखरेख समिती असावी व तिने किमान दोन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. भरपाईची रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवता येईल का, याचा विचार करण्यासही केंद्र शासनास सांगण्यात आले.

या आदेशाची तारीख लक्षणीय आहे. त्याच महिन्याच्या आरंभी देशभरातील ट्रकचालकांनी संप पुकारला होता. धडक देऊन पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास ठरविणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) हे त्याचे कारण होते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, वृत्तवाहिन्यांवर चर्चा झडल्या आणि अखेर १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. चालकाला किती शिक्षा व्हावी यावर देशाने आठवडाभर वाद घातला. पीडिताला काय मिळते, यावर दहा-बारा दिवसांनी आलेला आदेश मात्र फारशा चर्चेविना गेला. शिक्षेची तीव्रता वाढल्याने पळणारे थांबतील की अधिक वेगाने पळतील, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पण जो पळून गेला आहे, त्याच्या शिक्षेच्या चर्चेतून रस्त्यावर पडलेल्याच्या घरात काहीच पोहोचत नाही.

आदेशानंतर दाव्यांची संख्या वाढली, परंतु अडथळ्याची जागा बदलली. ३१ जुलै २०२४ रोजी जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडे ९२१ दावे कागदपत्रांतील त्रुटींमुळे प्रलंबित होते, असे त्याच याचिकेतील ८ जानेवारी २०२५ च्या आदेशावरून दिसते. पूर्वी अर्जच येत नव्हते. आता येतात ते अपुऱ्या कागदांसह येतात. म्हणून अर्ज करतानाच प्रत्येक कागद तपासून जोडणे हे पैसे वेळेवर मिळण्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

दुसरे वाहन ज्ञात असेल तर

अपघातात दोन वाहने असतात आणि त्यांपैकी एकच पसार होते, असे पुष्कळदा घडते. प्रवासी रिक्षात बसलेला आहे, अज्ञात ट्रक रिक्षेला धडकून निघून जातो. अशा वेळी 'हिट अँड रन' हा शब्द ऐकून प्रवाशाने दोन लाखांच्या योजनेवर समाधान मानण्याचे कारण नाही. रिक्षाचालकाचाही निष्काळजीपणा असेल, तर खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स (२०१५) या निवाड्यानुसार प्रवासी आपली संपूर्ण भरपाई दोघा दोषींपैकी कोणा एकाकडून, म्हणजे रिक्षाच्या विमा कंपनीकडूनही, वसूल करू शकतो. रिक्षाचालकाची चूक नसेल तरी कलम १६४ चा मार्ग उरतो. त्यात चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये वाहनाचा मालक किंवा विमा कंपनी यांच्याकडून मागता येतात.

स्वतः वाहन चालवणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. त्याच्या गाडीचा तृतीय पक्ष विमा त्याच्यासाठी नसतो. तो इतरांसाठी असतो. त्याच्यासाठी असते ती मालक-चालकाची वैयक्तिक अपघात विमा तरतूद. विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये तिची किमान रक्कम १५ लाख रुपये केली. धडक देणारे वाहन सापडो वा न सापडो, मालक स्वतः वैध परवान्यासह गाडी चालवत असेल तर या विम्याची रक्कम मिळते. म्हणजे अज्ञात वाहनाविरुद्ध दुचाकीमालकाचे खरे संरक्षण त्याच्याच पॉलिसीच्या कागदावर, हप्त्याच्या तपशिलातील एका छोट्या ओळीत असते. विमा स्वस्तात पडावा म्हणून ती ओळ वगळून घेणाऱ्याला आपण काय वगळले याची कल्पना असतेच असे नाही.

मित्राची गाडी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याचे काय? महाविद्यालयांच्या आवारात हे दृश्य रोजचे आहे. रामखिलाडी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स (२०२०) या प्रकरणात उसन्या घेतलेल्या मोटारसायकलवरील तरुणाचा मृत्यू झाला होता. उसनी गाडी चालवणारा हा मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे त्याच गाडीच्या विमा कंपनीविरुद्ध तृतीय पक्ष म्हणून त्याच्या वारसांना तत्कालीन कलम १६३-अ खाली दावा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. त्या पॉलिसीतील वैयक्तिक अपघाताच्या कलमानुसार वारसांच्या पदरी १ लाख रुपये पडले. धडक देणारे वाहन अज्ञात असेल, तर अशा विद्यार्थ्याच्या पालकांपुढे मुख्यतः कलम १६१ चाच मार्ग शिल्लक राहतो.

समांतर आधार

वाहनाच्या ओळखीवर मुळीच अवलंबून नसलेल्या काही योजनाही आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयोगटातील खातेदारास वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून परस्पर वळता होत असल्याने मृताचा असा विमा होता हे कुटुंबाला अनेकदा माहीतच नसते. म्हणून मृताचे पासबुक उघडून मे-जून महिन्यांतील नोंदी पाहणे हे पहिल्या कामांपैकी एक असावे. महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत रस्ता अपघाताचा समावेश असून मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. २०२५ च्या मे महिन्यात अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमींना अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची सोय झाली असून, धडक देणारे वाहन अज्ञात असले तरी ती लागू आहे.

स्वतः हप्ता भरून घेतलेल्या विम्याची रक्कम ही कराराने मिळालेली असते. हेलेन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ (१९९८) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याची रक्कम मोटार अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. सबब एका ठिकाणी अर्ज केला म्हणून दुसरीकडे करायचा नाही, ही समजूत कुटुंबांचे नुकसान करणारी आहे.

मुदतीचा पेच

वाहन सापडण्याची वाट पाहत बसण्यात आणखी एक धोका आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६६(३) नुसार न्यायाधिकरणापुढील दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. ही मुदत वाहन सापडल्या दिवसापासून नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासून मोजली जाते. आठव्या महिन्यात एखाद्या टोलनाक्यावरील चित्रणातून ट्रकचा क्रमांक निष्पन्न झाला, तर कलम १६१ चा अर्ज निरर्थक ठरतो, कारण वाहन आता ज्ञात आहे. आणि कलम १६६ चा दावा मुदतबाह्य ठरू शकतो, कारण सहा महिने उलटले आहेत. पोलिसांनी तपास नीट केल्याची शिक्षा पीडिताला व्हावी, असा हा विचित्र प्रकार आहे. या मुदतीच्या घटनात्मक वैधतेला आव्हान देण्यात आले असून, याचिका प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तोपर्यंत ज्यांचे दावे याच कारणाने नाकारले गेले, त्यांचे काय, हा प्रश्न त्या आदेशाने सुटलेला नाही.